मोठं माणूस जवळ नसताना मुलं काय करतात?

 

आज मुलांविषयी बोलू या. अभ्यास, लस, आहार यावर आपण नेहमी बोलतो. आजचा प्रश्न जरा वेगळा आहे. आजूबाजूला एकही मोठं माणूस नसेल, तर मुलं कशी वागतात? एकमेकांच्या झिंज्या उपटतात की एकमेकांना सांभाळतात? त्यांच्यात पुढारी कोण होतं? नियम कोण करतं? आणि भांडण झालं तर ते मिटवतं कोण?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातल्या आपल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं आईबापाबरोबर फडावर जातात, काही गावातच राहतात. कुणाकडे आजी-आजोबा असतात. कुठे थोरली बहीणच धाकट्यांचं सगळं बघते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आधी एका कादंबरीची गोष्ट. 1954 साली इंग्लंडमध्ये विल्यम गोल्डिंग या लेखकाची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही कादंबरी आली. गोल्डिंग शाळेत मास्तर होते. पुढे 1983 साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. जी. ए. कुलकर्णी यांनी ही कादंबरी मराठीत आणली आहे. गोष्ट अशी की, विमान कोसळून शाळकरी मुलं एका निर्जन बेटावर अडकतात. सोबत एकही मोठं माणूस नाही. सुरुवातीला ती सभा घेतात. ज्याच्या हातात शंख, त्याने बोलायचं, असा नियम करतात. एक पुढारी निवडतात. पण हळूहळू नियम सुटतात. दोन तट पडतात. जो शिकार करून मांस देतो त्याच्यामागे मुलं जातात, आणि शेवटी एकमेकांच्या जिवावर उठतात.

पुस्तक फार गाजलं. ते वाचून पुष्कळांची समजूत झाली की मुलांवरचा मोठ्यांचा धाक उठला की ती रानटी होतात. पण मैत्रिणींनो, ती लेखकाने रचलेली गोष्ट आहे. गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढले होते. मोठी माणसं काय करू शकतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते त्यांनी मुलांच्या रूपात मांडलं. मुलं खरोखर अशी अडकली तेव्हा काय झालं, हे बघायचं तर खरी हकिकत घ्यायला हवी. तशी एक आहे.

दक्षिण प्रशांत महासागरात टोंगा नावाचा छोट्या-छोट्या बेटांचा देश आहे. 1965 सालच्या जून महिन्यात तिथली शाळेत शिकणारी सहा मुलं शाळेला कंटाळली आणि फिजी बेटांकडे जायचं म्हणून निघाली. होडी त्यांची स्वतःची नव्हती. एका कोळ्याची 24 फुटी होडी त्यांनी न विचारता नेली. सोबत केळी, थोडे नारळ आणि एक छोटी शेगडी. नकाशा नाही, होकायंत्र नाही. म्हणजे पोरं काही गुणाची पुतळी नव्हती. आपल्या गावातली वांड पोरं असतात तशीच होती.

रात्री झोप लागली आणि वादळ आलं. शीड फाटलं, सुकाणू मोडलं. आठ दिवस होडी वाहत राहिली. पावसाचं पाणी त्यांनी नारळाच्या करवंट्यांत धरलं आणि वाटून घेतलं. सकाळी एक घोट, संध्याकाळी एक घोट, सगळ्यांना सारखा. बेटावर पोचण्याआधीच त्यांचा पहिला नियम ठरला होता. सगळ्यात कमी जे आहे, ते सगळ्यांत सारखं वाटायचं.

आठव्या दिवशी त्यांना 'अता नावाचं बेट दिसलं. टोंगाच्या मुख्य बेटापासून दक्षिणेला सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रातून उभा वर आलेला कातळ. तिथे कुणी राहत नव्हतं. पण पूर्वी वस्ती होती. 1863 साली गुलामांचा व्यापार करणाऱ्यांचं जहाज तिथे आलं आणि शंभराहून जास्त माणसं पळवून घेऊन गेलं. उरलेल्यांना टोंगाच्या राजाने दुसऱ्या बेटावर हलवलं. तेव्हापासून बेट ओसाड.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. मुलांनी मासे, नारळ, पक्ष्यांची अंडी यांवर दिवस काढले. पाणी नव्हतं तेव्हा समुद्रपक्ष्यांचं रक्त प्यायले. मग कडा चढून बेटाच्या माथ्यावर गेले, तर तिथे जुन्या वस्तीच्या खुणा होत्या. आपल्या अळकुडीसारखा टारो नावाचा कंद, केळी, आणि शंभर वर्षांपूर्वी मागे राहिलेल्या कोंबड्यांची रानात वाढलेली पिल्लावळ. पळवलेल्या लोकांनी लावलेलं या पोरांच्या तोंडी लागलं.

आता आपल्या विषयाचा गाभा येतो. या सहाजणांनी संसार कसा मांडला?

त्यांनी दोघा-दोघांच्या जोड्या केल्या आणि पाळ्या लावल्या. एक जोडी मळ्यात, एक जोडी रांधायला, एक जोडी पहाऱ्यावर. पहारा म्हणजे लांबून एखादं जहाज दिसतं का हे बघायचं. कामं फिरत राहायची. म्हणजे रांधणारा कायम रांधतोय आणि पहारेकरी कायम कड्यावर वारा खात बसलाय, असं नव्हतं.

त्यांनी विस्तव पेटवला. फार खटपटीनंतर पेटला, आणि मग वर्षभराहून जास्त काळ विझू दिला नाही. वर्षभर विस्तव जागता ठेवायचा म्हणजे काय, ते चुलीशी जन्म काढलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. एकट्याने होणारं ते काम नाही. आपल्या पाळीला झोप आली तर सगळ्यांचं अन्न कच्चं राहणार, हे प्रत्येकाला कळलं पाहिजे.

झाडांचे बुंधे कोरून त्यांनी पावसाचं पाणी साठवलं. कोंबड्यांसाठी खुराडं केलं. व्यायामाची जागा केली, खेळायला मैदान आखलं. एकाने वाहून आलेलं लाकूड, अर्धी करवंटी आणि मोडक्या होडीच्या तारा घेऊन गिटार केली. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने आणि गाण्याने, शेवटही तसाच. आपणही गटाची बैठक गाण्याने सुरू करतो. गाण्याने पोट भरत नाही, पण आपण एक आहोत हे रोज एकदा आठवतं.

मग भांडणं झालीच नाहीत का? झाली की. सहा पोरं, एक बेट, पाण्याची ओढाताण. भांडण होणारच. पण त्यांनी एक रीत ठरवली होती. भांडणाऱ्या दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं आणि डोकं शांत होईपर्यंत तिथेच थांबायचं. काही तासांनी बाकीचे त्यांना समोरासमोर आणायचे आणि एकमेकांची माफी मागायला लावायचे. नीट बघा, यात तीन गोष्टी आहेत. राग उतरायला वेळ दिला. मिटवायची जबाबदारी त्या दोघांवर न टाकता सगळ्यांनी घेतली. आणि माफी मागितल्यावर विषय संपवला. गटातल्या कर्जाच्या हप्त्यावरून दोघींचं वाजतं तेव्हा ही रीत वापरून बघण्यासारखी आहे.

एकदा त्यांच्यातला एकजण कड्यावरून घसरून पडला आणि त्याचा पाय मोडला. बाकीचे खाली उतरले, त्याला वर आणलं. काटक्या आणि पानं बांधून पाय सरळ केला. तू राजासारखा पडून राहा, तुझं काम आम्ही करतो, असं हसत त्याला सांगितलं. पुढे सुटका झाल्यावर डॉक्टरांनी तपासलं तेव्हा हाड नीट जुळलेलं होतं.

त्यांनी तराफा बांधून निघून जायचाही प्रयत्न केला. तो लाटांनी फोडला. मग वाट बघत राहिले. 11 सप्टेंबर 1966 रोजी पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाची मासेमारीची बोट तिथून चालली होती. ओसाड बेटाच्या कड्यावर गवत जळाल्याचे डाग त्याला दिसले. वणवा आपोआप लागेल असं ते ठिकाण नव्हतं, म्हणून त्याने बोट जवळ घेतली. एक मुलगा पोहत आला, मागून बाकीचे. सगळे सहा, जिवंत आणि धडधाकट. पंधरा महिने झाले होते. गावाकडे त्यांची क्रियाकर्मं उरकली होती.

परत आल्यावर पोलिसांनी त्यांना अटक केली, कारण होडीचा मालक अजून चिडलेला होता. वॉर्नर यांनी होडीची भरपाई केली आणि पोरांना सोडवलं. ही हकिकत बरीच वर्षं विस्मरणात गेली होती. रुत्खर ब्रेगमन या डच लेखकाने आपल्या पुस्तकात ती सांगितली आणि 2020 साली ती जगभर पोचली.

आता विचार करू या, यांच्यात पुढारी कोण होता? जी हकिकत सांगितली जाते तिच्यात सगळ्यांवर हुकूम चालवणारा कुणी दिसत नाही. दिसतात त्या पाळ्या, जोड्या आणि भांडण मिटवायची रीत. ज्याला विस्तव जमला त्याने विस्तव केला, ज्याला वाजवता आलं त्याने वाजवलं. म्हणजे पुढारपण कामाप्रमाणे हातोहात फिरत होतं. आपल्या गटांची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशोब. अध्यक्ष बदलते, सचिव बदलते, पंचसूत्री तशीच राहते. म्हणून गट टिकतो. त्या पोरांनी कुठल्या प्रशिक्षणाशिवाय तेच केलं.

पण प्रशिक्षणाशिवाय म्हणणं तरी कितपत खरं? या मुलांनी हे बेटावर शिकलं नाही. मळा लावणं, मासा धरणं, वाटून खाणं, मोठ्या कुटुंबात मिळून राहणं, रोजची प्रार्थना हे टोंगाच्या घराघरात चालतं. मुलं ते अंगात घेऊनच होडीत बसली होती. मोठी माणसं जवळ नव्हती, पण त्यांनी लावलेलं वळण जवळ होतं.

हेच दुसऱ्या एका हकिकतीत दिसतं, आणि ती तर अगदी अलीकडची आहे. 1 मे 2023 रोजी दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात एक छोटं विमान ॲमेझॉनच्या जंगलात कोसळलं. विमानातली तिन्ही मोठी माणसं गेली, त्यात मुलांची आईही होती. वाचली ती चार आदिवासी भावंडं. थोरली मुलगी 13 वर्षांची, सगळ्यात धाकटं लेकरू वर्षाचंही नव्हतं. चाळीस दिवस ती जंगलात राहिली आणि 9 जूनला जिवंत सापडली.

थोरलीने काय केलं? विमानात पीठ होतं, ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो त्या कंदाचं. ते तिने बरोबर घेतलं. ते संपल्यावर जंगलातली फळं आणि बिया शोधल्या. कुठलं खायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे तिला माहीत होतं, कारण आजीने शिकवलं होतं. फांद्या जोडून आडोसा केला आणि तो केसांच्या बंदांनी बांधला. सैनिक आणि आदिवासी माग काढणारे मिळून शोध घेत होते, तेव्हा आजीचाच आवाज ध्वनिमुद्रित करून हेलिकॉप्टरमधून लाउडस्पीकरवर लावला होता, एका जागी थांबा म्हणून. आजीच्या तोंडी ज्ञानाची किंमत यापेक्षा जास्त काय सांगायची?

इथे मात्र व्यवस्था टोंगासारखी नव्हती. तिथे जवळपास बरोबरीचे सहा होते, पाळी लावता आली. इथे एका तेरा वर्षांच्या पोरीवर तिघांचा भार होता. मुलं अडकतात तेव्हा पुढारपणाचे हे दोन प्रकार दिसतात. एक वाटून घेतलेलं, दुसरं थोरल्याच्या गळ्यात पडलेलं. दुसऱ्या प्रकारानेही जीव वाचतात. पण त्याची किंमत ते थोरलं लेकरू एकटं मोजतं.

आता उलट बाजूही बघू. मुलांत तट कधी पडतात? 1954 सालीच, म्हणजे ती कादंबरी आली त्याच वर्षी, अमेरिकेत मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. अकरा-बारा वर्षांची 22 मुलं रानातल्या शिबिरात नेली. दोन गट केले आणि त्यांच्यात सामने लावले. जिंकेल त्याला बक्षीस, हरेल त्याला काहीच नाही. थोड्याच दिवसांत मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या. मग शिबिराचं पाणी बंद पाडलं, गाडी अडकल्याचं निमित्त केलं. सगळ्यांनी मिळून हात लावल्याशिवाय सुटणार नाहीत अशा या अडचणी होत्या. त्यावर काम करता करता तीच मुलं मित्र झाली. त्याच्या आदल्या वर्षी शेरीफ यांनी असाच प्रयोग केला होता, तो मात्र फसला होता. तिथे गट पाडण्याआधी मुलांची एकमेकांशी ओळख झाली होती, म्हणून काही केल्या ती भांडेनात. यावरून काय कळतं? मुलांतलं वैर पुष्कळदा मोठ्यांनी मांडलेल्या खेळातून येतं. 'ती हुशार, तू ढ', 'तो वरच्या आळीचा, त्याच्यात मिसळू नको' हे आपणच बोलतो. ओळख आणि मिळून करायचं काम असेल, तर मुलं जुळवून घेतात.

मैत्रिणींनो, आता आपल्या गावात या. आपल्याकडे बेट नाही, जंगल नाही. पण कोयता निघाला की काही घरांत मुलंच उरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांच्या कामावर घेतलेली असते. बाईला मागे थांबता येत नाही. मग बारा-तेरा वर्षांची मुलगी भाकरी थापते, पाणी भरते, धाकट्याला शाळेत धाडते आणि स्वतः मात्र हळूहळू शाळेतून सुटते. गावात तिचं कौतुक होतं, 'पोर किती शहाणी, आईसारखी सांभाळते'. कौतुक खरं आहे, तिची कर्तबगारीही खरी आहे. पण त्या कौतुकाखाली तिचं ओझं दिसेनासं होतं. पुढे तिच्या काळजीपोटीच कुणीतरी तिचं लग्न उरकायचा विषय काढतं.

मुलं मोठ्यांशिवाय निभावून नेतात, हे टोंगाने आणि कोलंबियाने दाखवलं. म्हणून त्यांना तसं सोडावं, असा अर्थ काढू नका. ती मुलं अपघाताने अडकली आणि त्यांना शोधायला कुणीतरी आलं. आपली मुलं दरवर्षी ठरलेल्या महिन्यात एकटी पडतात आणि ते आपल्याला आधीपासून माहीत असतं. जे माहीत आहे त्याची तयारी करता येते.

गट म्हणून आपण काय करू शकतो?

पहिलं, टोळ्या निघण्याआधीच्या बैठकीत यादी करा. कोणत्या घरातली किती मुलं मागे राहणार आणि त्यांच्याजवळ मोठं कोण असणार. यादी शाळा व्यवस्थापन समितीला द्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पालकांची संख्या तीन चतुर्थांश असते आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. म्हणजे तिथे आपलीच माणसं आहेत. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी शासनाच्या हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तिची मागणी याच समितीकडून वेळेत गेली पाहिजे. हंगाम सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

दुसरं, ज्या घरात मुलंच आहेत त्या घराची पाळी गटाने लावून घ्या. दर संध्याकाळी एकीने जाऊन यायचं. चूल पेटली का, ताप-खोकला आहे का, रात्री सोबतीला कोण आहे, एवढं बघायचं. दहा-बारा बायकांत वाटलं तर एकीवर भार पडत नाही. त्या पोरांनी पहाऱ्याची पाळी लावली होती, ही आपली पहाऱ्याची पाळी.

तिसरं, घरात कामाच्या पाळ्या मुलांकडूनच ठरवून घ्या, आणि त्यात मुलगे धरा. टोंगाच्या बेटावर रांधणारे मुलगेच होते, त्यात कुणाचं काही कमी झालं नाही. दहा वर्षांचा मुलगा पाणी भरू शकतो, भांडी घासू शकतो, धाकटीला खेळवू शकतो. कागदावर लिहून भिंतीला लावलं की थोरलीला रोज भांडावं लागत नाही. ती शाळेला गेली की नाही, हे त्या कागदावर सगळ्यात वर असू द्या.

चौथं, भांडण मिटवायची रीत मुलांना शिकवा. दूर बसा, शांत व्हा, परत या, माफी मागा. हे आपण मारून शिकवलं तर शिकवल्यासारखं होत नाही. ती बघून शिकतात.

पाचवं, कुठे लग्नाची कुजबुज ऐकू आली तर गप्प बसू नका. मुलीचं 18 आणि मुलाचं 21 वर्षांच्या आत लग्न करणं गुन्हा आहे. गावात ग्रामसेवकाला ते रोखण्याचा अधिकार आहे, अंगणवाडीताईंनाही सांगता येतं. आणि 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. हा नंबर मुलांना तोंडपाठ करून द्या. त्या बेटावरच्या पोरांना बोट दिसायला पंधरा महिने लागले. आपल्या मुलांना हाक मारायला एक नंबर आहे, तो त्यांना माहीत तरी असावा.

या आठवड्याच्या बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपल्या गावात यंदा किती घरांत मुलंच मागे राहणार? त्यातल्या थोरल्या मुली कोणकोण? आणि त्यांच्या घरची संध्याकाळची पहिली पाळी कुणाची? उत्तरं गटाच्या वहीत लिहा, तारीख घाला, खाली सह्या घ्या. पुढच्या बैठकीत तीच वही उघडून पुढचं काम ठरवा.